कवीची वही आणि पारितोषिके

कवितासंग्रहास मोठे प्रकाशक सहसा हात लावीत नाहीत. म्हणून १९७६ साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा व गीव्ह पटेल या कवींनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही स्वतःचीच संस्था काढली. तिच्या इंग्रजी ‘जेजुरी’स १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पारितोषिक लाभले. त्याच वर्षी कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने छापला. दुसरा यावयास पाव शतक लागले. एवढा धीर हिशेबी प्रकाशकास कोठून असणार! २००३ मध्ये ‘प्रास’नेच ‘भिजकी वही’ काढली. सप्टेंबर २००४ मध्ये कोलटकर निवर्तले. दिल्लीच्या साहित्य अकादमीचे पारितोषिक त्या वहीस मिळाले ते २००५ साली.