घाट चढणारी इंजिने आणि मागून रेटणारे बळ

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर लिहावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. हयात गेली प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, आणि त्यांवर लिहिणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. परंतु आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीशी मनुष्याने जी एक लढाई केली, तिच्याविषयी आपल्या घरांतील मुलांना फारशी माहिती नसते, हे आम्ही वर्गात वारंवार पाहिले आहे. ती लढाई म्हणजे आगगाडीने घाट चढण्याची. तिचीच हकिगत यथामति निवेदन करीत आहोत.

अलिबागेच्या मनुष्यास आगगाडीचे अप्रूप असावे, हे साहजिक आहे. आमच्या लहानपणी मुंबईस जावयाचे म्हणजे रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे. रूळ पाहावयास मिळे तो मुंबईत. पुढे शिक्षकी पेशात आल्यावर मुलांची सहल घेऊन आम्ही कर्जतला गेलो. पुण्याकडे जाणारी गाडी फलाटावर उभी राहिली. मुले वड्यांच्या पाटीभोवती जमली. तेवढ्यात गाडीच्या शेपटीस हलकासा धक्का बसला. एका मुलाने विचारले, "गुरुजी, इंजिन तर पुढे आहे, मग मागे आणखी कशाला लावतात?" त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी आम्हांस देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्यास उशिरा दिलेले उत्तर समजावे.

कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. जुन्या काळी मीठ, तांदूळ, नारळ वर चढत आणि धान्य, गूळ, कापूस खाली उतरत तो बैलांच्या पाठीवरून. बोरघाटातून चाकांची वाहने जाऊ शकतील असा पक्का रस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. तथापि बैलाचे बळ ते बैलाचेच. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांची दृष्टी घाटाकडे लागलेली होती. देशावरचा कापूस मुंबई बंदरात आणावयाचा तर घाट ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. अंतर सुमारे पावणेसोळा मैल, आणि तेवढ्यात चढावयाची उंची १८३१ फूट. पंचवीस बोगदे फोडावे लागले. कातळ काळा, कठीण. काही ठिकाणी कडा इतका सरळ की मजुरांना दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोके पाडावी लागत. मधल्या काळात, म्हणजे १८५८ साली, खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली होती आणि इकडे खोपोलीपर्यंत रूळ आला होता. मधला घाट मात्र उतारूंना पालखीने किंवा बैलगाडीने ओलांडावा लागे.

ह्या कामाची एक बाजू पाठ्यपुस्तकांत येत नाही, ती येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. मूळ मक्तेदार फॅव्हिएल ह्याच्या हाताखाली पोटमक्तेदारांची व मुकादमांची उतरंड होती. मजुरीचा पैसा वरून खाली येता येता झिरपून जाई. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. मजूर व मालक यांच्यातील तंट्यांसाठी १८६० साली जो कायदा झाला, त्याच्या मुळाशी अशीच रेल्वे-कामांवरील प्रकरणे होती. म्हणजे ह्या देशातील मजुरीविषयक कायद्यांच्या आरंभीच्या इतिहासात आपल्या घाटातील कष्टकऱ्यांचा वाटा आहे.

पुढे मक्ता सॉलोमन ट्रेडवेल याने घेतला. पण तो येथे आल्यावर अल्पावधीतच मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने माघारी न जाता मक्ता आपल्या अंगावर घेतला आणि दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती व्यवस्था सोपवून काम तडीस नेले. १८६१ साली ह्या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी माणसे किती गेली, ह्याची नोंद कोणी नीट ठेवली नाही. आठ वर्षांत मृत्यूंचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात गेला असावा, असा एका अभ्यासकाचा अंदाज आहे. स्वतः बर्कलेही पूर्तता पाहू शकले नाहीत. १८६२ साली ते निवर्तले. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले.

बर्कलेंचे नाव राहिले, ट्रेडवेलबाईंचे राहिले. आपल्या माणसांपैकी लोकांच्या तोंडी आहे ते एकट्या शिंग्रोबा धनगराचे. घाटाची वाट साहेबास त्याने दाखविली, अशी आख्यायिका आहे आणि घाटात त्याचे देऊळ आहे. बाकीचे बेलदार, पाथरवट, गवंडी आणि डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाया यांची नावे कोणत्याच शिळेवर नाहीत. कामात कोठे हयगय झाली हेही काळाने दाखविले; १८६७ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, घाटातील एक मोठा कमानींचा पूल कोसळला व तो पुन्हा बांधावा लागला.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बोरघाटाचा कमाल चढ सदतिसात एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पायी चालणारास हा चढ जाणवतही नाही. पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचे चाक फिरवून चढणाऱ्या गाडीस तो डोंगराएवढा असतो. हजार टनांची मालगाडी सपाटीवर सावकाश ओढावयास सुमारे तीन टनांची ओढ पुरते. सदतिसात एक चढावर तीच गाडी नुसती तोलून धरावयास हजाराचा सदतिसावा हिस्सा, म्हणजे सत्तावीस टनांची ओढ लागते. दोन्ही मिळून तीस टन. म्हणजे सपाटीच्या दहापट! शिवाय इंजिनात बळ कितीही असले तरी चाकाची रुळावरील पकड साधारणतः इंजिनाच्या वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकीच. त्याहून अधिक जोर केला तर चाक जागच्या जागी गरगरते. म्हणून रुळावर वाळू सोडतात, आणि म्हणूनच घाटाचे इंजिन मुद्दाम जड करतात.

मग सर्व इंजिने पुढेच का जोडू नयेत? कारण साऱ्या गाडीचा भार पहिल्या वाघिणीच्या साखळीवर येतो, आणि तिची ताकद मर्यादित असते. ती तुटली तर मागच्या वाघिणी उतारावरून सुटतील. म्हणून काही इंजिने पुढून ओढतात व काही मागून रेटतात. मागून रेटणाऱ्या इंजिनास 'बँकर' म्हणतात. साखळी तुटलीच तर सुटलेल्या वाघिणींच्या पाठीशी ते उभे असते. उतरतीची काळजी तर चढाहून अधिक. घाटात ठिकठिकाणी मुख्य रुळातून फुटून उलट चढावर जाणारे बगलरूळ ठेवलेले आहेत. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबून आपला ब्रेक शाबूत असल्याचे दाखवते, मगच तिला पुढची वाट मिळते. आवरली नाही तर ती त्या बगलरुळावर चढून थांबावी, अशी ती योजना.

प्रथम वाफेची खास घाटइंजिने ह्या कामी होती. खंडाळ्याच्या अलीकडे चढ इतका अवघड होता की गाडी एका ठिकाणी थांबवून उलट दिशेने पुढे न्यावी लागे. विजेची गाडी आली आणि नवी वाट कोरली गेली, तेव्हा १९२९ साली ही अडचण संपली. त्यावेळी मालगाड्यांसाठी स्विस बनावटीच्या आराखड्यावरची, दोन लांब नाकांची इंजिने आली. लोकांनी त्यांना 'खेकडा' हे नाव दिले. कोकणच्या माणसाला ह्याहून समर्पक नाव सुचणे कठीण! कसारा व इगतपुरीमधील थळघाटातही हीच इंजिने चालली. (हा थळघाट आपल्या थळ गावाचा नव्हे, हे मुलांनी ध्यानात घ्यावे.)

विजेचा आणि अलिबागेचाही एक जुना संबंध आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. विजेने मुंबईस गाड्या दिल्या, आणि आपणांस वेधशाळा दिली!

डिझेल इंजिनाचे मर्म असे की, ते आपले वीजघर पोटात घेऊन फिरते. तेलावर चालणारे यंत्र वीज निर्माण करते आणि ती वीज आसांवरील मोटारी फिरवते. उतरताना त्याच मोटारी उलट वीज तयार करून गाडीस आवरून धरतात. आपल्या जिल्ह्यात नेरळ-माथेरानच्या चिमुकल्या रुळावर, जेथे चढ विसात एक इतका आहे आणि जी गाडी पीरभॉय कुटुंबाच्या धडाडीने १९०७ साली सुरू झाली, तेथे १९५० नंतरच्या दशकात जर्मन बनावटीची डिझेल इंजिने आली. परंतु डिझेलचा खरा पराक्रम पाहावा तो गोव्याच्या सीमेवर, कुळे ते कॅसलरॉक ह्या घाटात. पोर्तुगीज राजवटीत, १८८८ साली, तो मार्ग खुला झाला. चढ तोच, सदतिसात एक. १९९० नंतरच्या दशकात तेथे रुंद रूळ आले. मुरगाव बंदराचा दगडी कोळसा दूधसागर धबधब्यावरून वर नेताना चार हजार अश्वशक्तीची, प्रत्येकी १२६ टन वजनाची डिझेल इंजिने पुढे दोन व मागे तीन जोडीत. हिशोब सोपा आहे. चार हजार टनांची गाडी धरली तर एकशेवीस टनांची ओढ हवी. भर पावसात, ओल्या रुळावर आणि वळणांवर ती राखून द्यावयाची म्हणजे पाच इंजिने काही अधिक नव्हेत.

कोकण रेल्वेने मात्र निराळाच मार्ग पत्करला. १९९८ साली राष्ट्रास अर्पण झालेल्या ह्या रेल्वेने डोंगर चढण्याऐवजी तो भेदला. चढ दीडशेत एकाहून अधिक ठेवला नाही. म्हणून आपल्या कोलाडहून भरलेले मालट्रक पाठीवर घेऊन १९९९ पासून गाडी गोव्यातील वेर्णा येथे बँकरवाचून जाऊ लागली. २०२२ साली ह्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. आपल्या थळच्या खत कारखान्यासही पेणहून मालगाडीचा रूळ आलेला आहे. मालास वाट मिळाली. प्रवाशांची गाडी मात्र अलिबागेस अद्याप आली नाही. तरुण मुले रोज लाँचने अथवा एस. टी. ने जातात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की अडकून पडतात. ह्या प्रश्नावर ज्ञातिबांधवांनी इतर समाजांच्या बरोबरीने आवाज उठवावा, एवढेच येथे सुचवितो.

शेवटी एक विनंती. आमच्या एका वृद्ध नातलग बाईंकडून आम्ही लहानपणी ऐकले होते की, त्यांच्या पणज्यांपैकी कोणी "बोगद्याच्या कामाला" घाटात गेला आणि परत आला नाही. नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. आपली वंशावळ लिहिताना अशा परत न आलेल्यांसाठी आपण एक ओळही राखीत नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्यांस विचारून, घाटात, बंदरात, गिरणीत वा रेल्वेत गेलेल्यांची जी काही आठवण असेल ती कागदावर उतरवून संस्थेकडे पाठवावी. पुढील स्मरणिकेत तिला स्थान मिळावे, अशी आम्ही संपादकांस विनंती केली आहे.

गाडी लोणावळ्यास पोहोचते तेव्हा बँकर सुटतो आणि गुपचूप खाली परत येतो. पुढच्या इंजिनाचे नाव सर्वांस दिसते. मागून रेटणाऱ्याकडे वळून पाहणारे थोडेच. आपल्यातील कोणी वर पोहोचला असेल तर त्याने एकदा मागे वळून पाहावे, एवढे सांगून लेखणी आवरती घेतो.