गावठाण ते गुंठेवारी : पुण्याच्या वेशीवरील गावे, परवडणारे घर आणि लोकसंख्येतील स्थित्यंतर

प्रस्तावना
परवडणाऱ्या घरांची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने महानगरांच्या संदर्भात होते. वस्तुतः शहरात राबणाऱ्या कष्टकरी वर्गाला दीर्घकाळ निवारा दिला तो शहराच्या वेशीवरील लहान गावांनी. पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. येथील घर स्वस्त राहिले ते त्यावरील हक्क अपुरा राहिल्यामुळे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

गावठाणाची सीमा
१८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यातील नवी जमीन महसूल पद्धती आकारास आली. पुढील पाहणी-मोजणीतून शेतजमीन आणि वस्तीची जागा, म्हणजे गावठाण, यांतील सीमा कागदोपत्री पक्की होत गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. कुटुंबे विभक्त होत गेली, बाहेरून माणसे येत राहिली. परंतु गावठाणाची हद्द त्या गतीने वाढली नाही.

दुसरीकडे, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीच्या व्यवहारावर निर्बंध घातले. शेती किफायतशीर राहावी, हा त्यामागील हेतू रास्त होता. मात्र शहरालगतच्या गावात त्याचा परिणाम वेगळा झाला. ज्याला घरापुरतीच जागा हवी होती, त्याला ती कायदेशीरपणे घेण्याची वाट अरुंद झाली.

स्थलांतर आणि गुंठा
१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर व नगर भागांतून रोजगारासाठी पुण्याकडे येणाऱ्यांचा ओघ वाढला. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकातच उभी राहू लागली होती. १९९० नंतर माहिती-तंत्रज्ञान उद्योगाची भर पडली. पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाघोली हे या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण होय. पिलाजी जाधवरावांच्या समाधीमुळे इतिहासाला परिचित असलेल्या या गावात प्रथम दगडखाणींवरील मजूर आले. पुढे शेजारच्या खराडीचा विकास होताच नोकरदार, बांधकाम मजूर आणि विद्यार्थीही स्थिरावले.

या मागणीला उत्तर मिळाले ते गुंठ्यातून. एका एकराचे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतकऱ्याने शेताचे तुकडे विकले आणि मजुराने अर्धा-एक गुंठा घेऊन टप्प्याटप्प्याने घर बांधले. अनेकदा व्यवहार मुद्रांक कागदावरील साठेखतापुरताच राहिला. त्यामुळे बँकेचे कर्ज, बांधकाम परवानगी आणि सांडपाण्याची सोय यांपैकी काहीच सहज मिळेना. काही मूळ ग्रामस्थांनी जमीन न विकता भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि भाडे हेच त्यांचे नवे पीक ठरले.

शासनाने २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाद्वारे १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा विकासाला नियमित होण्याची संधी दिली. २०२१ च्या सुधारणेने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. आधी वस्ती आणि नंतर मान्यता, हा क्रम त्यातून जणू रूढ झाला.

गावकरी कोण?
लोकसंख्येतील बदलाने प्रतिनिधित्वाचा प्रश्नही निर्माण केला. ग्रामपंचायतीच्या सदस्यांची कमाल संख्या कायद्याने १७ आहे. गाव कितीही वाढले तरी ती ओलांडता येत नाही. मतदारयादीत नाव मूळ गावीच ठेवणारा भाडेकरू पाणी येथील वापरतो, परंतु ग्रामसभेत त्याला आवाज नसतो.

घरकुल योजनांचीही मर्यादा येथेच दिसते. १९८५-८६ मधील इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये अनुदान निश्चित झाले. पण ते बांधकामासाठी. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये आणलेल्या योजनेतील ५० हजार रुपयांची मर्यादा शहरालगतच्या जमिनीच्या दरापुढे तोकडीच होती. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेने गावठाणातील घरांना मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेतले, परंतु गुंठेवारीची बहुतांश वस्ती गावठाणाबाहेर आहे.

१९९७ मध्ये ३८ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली; त्यांतील काही नंतर वगळण्यात आली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावांचा समावेश झाला. हद्दवाढीने पाणी व रस्त्यांची अपेक्षा निर्माण होते. त्याचबरोबर कर आणि जमिनीचे मोलही वाढते. परिणामी, ज्या भाडेकरूंच्या श्रमावर गाव वाढले, त्यांनाच पुढच्या गावाची वाट धरावी लागते.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून असे दिसते की, लहान गावातील परवडणारे घर हे शासकीय योजनांपेक्षा नियमबाह्य व्यवहारांतून अधिक उभे राहिले. दंड आकारून नियमित करणे हा त्यावरील उत्तरार्ध झाला. पूर्वार्ध अद्याप लिहावयाचा आहे. वस्ती येण्यापूर्वीच गावठाणाचा विस्तार, रस्ते व सांडपाणी आखलेले लहान कायदेशीर भूखंड आणि भाड्याच्या घरांची धोरणात दखल, या तीन गोष्टींचा विचार आज शहरापासून दूर वाटणाऱ्या गावांसाठी व्हावयास हवा. वाघोलीसाठी ती वेळ केव्हाच निघून गेली आहे.