संकेतस्थळ सुरू, डेटाबेस बंद : सामायिक होस्टिंगवरील विश्वासार्हतेचा प्रश्न

पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीतील एकच ओळ उमटते : डेटाबेसशी जोडणी प्रस्थापित करताना त्रुटी. वर्डप्रेस प्रणालीवर संकेतस्थळ चालवणाऱ्यांना ही ओळ चांगलीच परिचित आहे. ती दिसते तेव्हा वेब सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो बंद असता तर ही ओळसुद्धा दिसली नसती. वेब सर्व्हर उत्तर देत असतो, पीएचपी भाषेतील आज्ञावलीही चालत असते. प्रतिसाद देत नाही तो त्यांच्या मागे असलेला डेटाबेस सर्व्हर. अल्प दराच्या होस्टिंगवर संकेतस्थळ चालवणाऱ्या शाळा, पतसंस्था, दिवाळी अंक, छोटे व्यावसायिक आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळे यांच्या अडचणी बहुधा याच ठिकाणी सुरू होतात, आणि होस्टिंगच्या जाहिरातीत याच ठिकाणाविषयी सर्वांत कमी लिहिलेले असते.

सामायिक होस्टिंग म्हणजे एकाच यंत्रावर अनेक, बहुधा शेकडो, ग्राहकांची संकेतस्थळे ठेवण्याची व्यवस्था. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या असतात; डेटाबेस सर्व्हर मात्र सर्वांसाठी एकच चालतो आणि त्यात प्रत्येक ग्राहकाचा कप्पा असतो. हा सर्व्हर बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएल किंवा त्यातूनच फुटून निघालेला मारियाडीबी असतो. मायएसक्यूएलचा प्रारंभ १९९५ मध्ये स्वीडनमध्ये झाला. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणि २०१० मध्ये सनसह ओरॅकलने त्याचा ताबा घेतला; या हस्तांतरांच्या काळातच मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा सुरू केली. काही कंपन्या डेटाबेस त्याच यंत्रावर ठेवतात, तर काही तो दुसऱ्या यंत्रावर हलवतात. दुसऱ्या प्रकारात दोन यंत्रांमधील जाळ्यात बिघाड झाला तरी चित्रे आणि स्थिर पाने उघडत राहतात. लेख, सभासद यादी आणि मागणीपत्रके मात्र उघडत नाहीत.

जोडण्यांचे गणित

डेटाबेस ‘बंद पडला’ असे ग्राहक म्हणतो तेव्हा अनेकदा तो बंद नसून भरलेला असतो. मायएसक्यूएलमध्ये एका वेळी किती जोडण्या स्वीकारायच्या याची मर्यादा असते; मूळ मांडणीत ती १५१ आहे. त्याखेरीज प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी मर्यादा घालता येते आणि सामायिक होस्टिंग पुरवणारे ती हमखास घालतात. उदाहरणादाखल, एका ग्राहकाला २५ जोडण्या दिल्या आहेत असे धरू. एक पान तयार होण्यास ०.२ सेकंद लागत असेल, तर या २५ जोडण्यांतून सेकंदाला १२५ पाने निघतात. छोट्या संस्थेसाठी हे विपुल झाले. पण एखादी क्वेरी मंदावून त्याच पानाला ५ सेकंद लागू लागले, तर क्षमता सेकंदाला ५ पानांवर येते. वाचकांची संख्या तीच, यंत्र तेच, करारही तोच. फरक केवळ एका क्वेरीचा. इंडेक्स नसलेल्या टेबलमधील शोध, वर्षानुवर्षे न काढलेल्या नोंदी, किंवा पान उघडताना प्रत्येक वेळी शेकडो विचारणा करणारे एखादे प्लगइन एवढे त्यास पुरेसे असते. निकालाच्या दिवशी शाळेचे संकेतस्थळ कोलमडते, त्याला गर्दी निमित्त असते. मंद क्वेरी त्याआधीपासून तेथे असते.

शेजाऱ्यांचा उपद्रवही खरा असतो. डेटाबेसची स्मृती आणि डिस्क सर्वांची मिळून असल्याने एकाच्या अवजड क्वेरीमुळे दुसऱ्याची साधी विचारणा रांगेत अडकते. हे टाळण्यासाठी अनेक कंपन्या प्रत्येक ग्राहकाच्या वापरावर स्वयंचलित लगाम ठेवतात. शेजाऱ्यापासून संरक्षण देणारा हा लगाम आपल्यालाही लागू असतो, हे ‘अमर्याद’ या शब्दाला भुललेल्या ग्राहकाच्या उशिरा लक्षात येते. हा शब्द जागेविषयी असतो, जोडण्यांविषयी नव्हे.

दोष कोठे आहे, हे त्रुटीच्या क्रमांकावरून बरेचसे कळते. १०४० हा क्रमांक संपूर्ण सर्व्हरच्या जोडण्या संपल्याचे सांगतो. तेथे ग्राहकाला करण्यासारखे थोडेच असते आणि तक्रार कंपनीकडे जाणेच योग्य. १२०३ किंवा १२२६ म्हणजे त्या ग्राहकाची स्वतःची मर्यादा ओलांडली गेली. १०४५ हा चुकीच्या वापरकर्तानावाचा किंवा परवलीच्या शब्दाचा निदर्शक असतो. संकेतस्थळ नुकतेच हलवले असेल तर प्रथम हेच तपासले जाते. वर्डप्रेस सामान्यतः हे क्रमांक वाचकाला दाखवत नाही. त्रुटींच्या नोंदवहीत किंवा पीएचपीमायॲडमिन या साधनातून प्रवेश करून पाहिल्यास ते मिळतात. मदत केंद्राला ‘साइट चालत नाही’ एवढेच कळवण्याऐवजी वेळ आणि क्रमांक कळवला, तर उत्तरही नेमके येण्याची शक्यता वाढते.

शेकडा ९९.९ म्हणजे किती

बहुतेक करारांत ९९.९ टक्के उपलब्धतेचे आश्वासन असते. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटे १२ सेकंद; वर्षाला सुमारे पावणेनऊ तास. एवढा वेळ संकेतस्थळ बंद राहिले तरी करारभंग होत नाही. त्यातही हे आश्वासन बहुधा यंत्र आणि जाळे यांच्यापुरते असते. पूर्वसूचना दिलेली देखभाल त्यातून वगळलेली असते, आणि ग्राहकाने स्वतःची मर्यादा ओलांडल्याने आलेला अडथळा तर मोजलाच जात नाही. भरपाई मिळालीच तर ती महिन्याच्या शुल्काच्या काही अंशाइतकी असते. बुडालेल्या मागण्यांशी तिचा संबंध नसतो.

संकेतस्थळ चालू आहे की नाही हे बाहेरून तपासणाऱ्या सेवाही फसतात. मुखपृष्ठाची तयार प्रत साठवून ठेवली असेल, तर डेटाबेस बंद असतानाही ती दिसत राहते आणि तपासणी करणारी सेवा सर्व आलबेल असल्याचा निर्वाळा देते. म्हणून तपासणीसाठी डेटाबेसला खरोखर विचारणा करणारे एखादे पान, उदाहरणार्थ शोधाचे, निवडावे लागते. तयार प्रती साठवण्याची ही पद्धत एरवी मोठ्या उपयोगाची आहे. सामायिक होस्टिंगवर ग्राहकाच्या हाती असलेला सर्वांत स्वस्त उपाय तोच. जी विचारणा डेटाबेसपर्यंत पोहोचतच नाही, ती अयशस्वीही होत नाही.

वीज गेली अथवा सर्व्हर अकस्मात बंद झाला तर काय होते, हे टेबल कोणत्या पद्धतीने साठवले आहे यावर ठरते. मायआयसॅम या जुन्या पद्धतीत अर्धवट लिहिलेले टेबल सदोष म्हणून खूण केले जाते आणि हाताने दुरुस्त करावे लागते. इनोडीबी पद्धतीत प्रत्येक बदल आधी नोंदवहीत लिहिला जातो. सर्व्हर पुन्हा सुरू होताना त्या नोंदवहीवरून डेटाबेस सावरतो. २०१० मधील ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी ही मायएसक्यूएलची मूळ निवड झाली. त्यापूर्वी सुरू झालेल्या संकेतस्थळांत मात्र मायआयसॅमची टेबले अद्याप आढळतात, कारण सर्व्हरची आवृत्ती बदलल्याने जुनी टेबले आपोआप बदलत नाहीत.

देवनागरीचा वेगळा धोका

मराठी, हिंदी, कोकणी किंवा नेपाळी मजकूर साठवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत ती सहसा दुर्लक्षित राहते. मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंहिता दीर्घकाळ लॅटिन-१ होती. पश्चिम युरोपीय भाषांपुरती. ती बदलून यूटीएफ८एमबी४ झाली २०१८ मधील ८.० आवृत्तीत. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत. म्हणजे १५ बाइट.

जुन्या संकेतस्थळांत हे १५ बाइट लॅटिन-१ म्हणून नोंदलेल्या रकान्यात जाऊन बसत. संकेतस्थळ लिहिताना आणि वाचताना एकच चूक करत असल्याने पडद्यावर मजकूर अचूक दिसे आणि कोणाला शंका येत नसे. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवण्याचा दिवस उजाडला की ही सोय संपते. नवा सर्व्हर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजतो. मग ‘म’ या एका अक्षराच्या जागी तीन चिन्हे उमटतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचे चिन्ह आणि वर्तुळातील आर. दहा वर्षांचे लेख अशा चिन्हांच्या माळा होऊन समोर येतात.

येथे घाई न करणे महत्त्वाचे असते. अशी चिन्हे दिसत असतील तर मूळ बाइट शाबूत आहेत आणि योग्य रूपांतराने मजकूर परत मिळवता येतो. मात्र मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर प्रकार वेगळा आहे. जोडणीची संहिता चुकीची असल्याने सर्व्हरने न समजलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलेले असते. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हे होतात. दोष केवळ वाचताना होत असेल तर साठवलेला मजकूर सुरक्षित असतो आणि जोडणी दुरुस्त करताच परत दिसतो. परंतु प्रश्नचिन्हेच डेटाबेसमध्ये लिहिली गेली असतील, तर त्यातून मूळ शब्द काढण्याचा कोणताही मार्ग नाही. जुन्या प्रतीवाचून इलाज उरत नाही.

मायएसक्यूएलमधील नुसत्या ‘यूटीएफ८’ या नावानेही अनेकांची दिशाभूल केली आहे. या जुन्या संहितेत एका चिन्हाला ३ बाइटच मिळतात. देवनागरीचे त्यात भागते, इमोजीचे भागत नाही; त्याला ४ लागतात. नियमपालन शिथिल ठेवलेल्या सर्व्हरवर मजकुरात इमोजी आला की तेथून पुढचा सगळा भाग मुकाट्याने गळून पडतो. अभिप्रायाचे पहिले वाक्य राहते, उरलेली चार जातात. वर्डप्रेसने २०१५ मधील ४.२ आवृत्तीपासून चार बाइटची संहिता स्वीकारली, तरी त्याआधीच्या स्थापना प्रत्येक ठिकाणी बदलल्या गेल्या असतील असे गृहीत धरता येत नाही.

प्रत असणे आणि प्रत चालणे

बॅकअप घेतला जातो की नाही, यापेक्षा तो परत उभा राहतो की नाही हा प्रश्न अधिक बोचरा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या आज्ञावली साठवणाऱ्या सेवेत एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य डेटाबेसचा साठा पुसण्यास प्रारंभ केला. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते. नियमित बॅकअप आवृत्तीतील विसंगतीमुळे अनेक दिवस तयारच होत नव्हता, आणि अपयशाची सूचना देणारे ईमेल नाकारले जात होते. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीसाठी काढलेली एक प्रत हाती होती. तिच्यावरून सेवा उभी राहिली आणि मधल्या सहा तासांची माहिती गेली. तेथे डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल होता आणि सर्व्हर सामायिक नव्हता. अनुभवी अभियंत्यांच्या स्वतंत्र यंत्रणेत जे घडले, ते परक्याच्या यंत्रावर अवलंबून असलेल्या संस्थेत घडणार नाही असे मानण्यास आधार नाही.

प्रत कोठे ठेवली आहे, हाही मुद्दा तेवढाच कळीचा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली आणि दुसरीचा काही भाग जळाला. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, अशा काही ग्राहकांना मूळ साठा आणि प्रत दोन्हींना एकदम मुकावे लागले.

सामायिक होस्टिंगच्या अनेक करारांत कंपनी घेत असलेला बॅकअप ही सौजन्याची बाब असल्याचे नमूद असते, जबाबदारी ग्राहकाची. पीएचपीमायॲडमिनमधून डेटाबेसची प्रत उतरवून घेणे अवघड नाही. परत चढवताना मात्र फाइलच्या आकाराची आणि आज्ञावली चालण्याच्या वेळेची मर्यादा आड येते. पीएचपीच्या मूळ मांडणीत ही वेळ ३० सेकंद आहे, त्यामुळे मोठी फाइल अर्ध्यावर अडते. हे संकटाच्या दिवशी कळण्याऐवजी आधी कळावे, म्हणून रिकाम्या डेटाबेसमध्ये प्रत चढवून पाहण्याचा सराव करतात. त्यात टेबलांची आणि नोंदींची संख्या जुळते का हे पाहिले जाते; मराठी संकेतस्थळासाठी जोडाक्षरे, ‘ऱ्य’सारखी रूपे आणि इमोजी असलेला एखादा जुना लेख उघडून वाचणे हा त्या तपासणीचा अनिवार्य भाग ठरतो.

सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी साठवणाऱ्या संस्थांना कायद्याचीही दखल घ्यावी लागेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील डेटाभंगाच्या व्याख्येत माहिती फुटण्याबरोबरच ती नष्ट होणे आणि तिच्यापर्यंत पोहोचता न येणे यांचाही समावेश आहे. माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडे सोपवली, तरी अधिनियमाच्या पालनाची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याकडेच राहते.

मर्यादा वारंवार ओलांडली जाऊ लागली की स्वतंत्र आभासी सर्व्हर घेण्याचा सल्ला दिला जातो. तेथे जोडण्यांची संख्या, स्मृती आणि मंद क्वेरींची नोंद ग्राहकाच्या ताब्यात येते, शेजाऱ्याचा त्रास बराच घटतो. सुरक्षा-सुधारणा, बॅकअप आणि मध्यरात्री बंद पडलेला डेटाबेस पुन्हा सुरू करणे ही कामेही त्याच्याच माथी येतात. ती करणारा माणूस नसेल, तर कंपनीनेच चालवलेला स्वतंत्र डेटाबेस हा मधला पर्याय उरतो. त्यासाठी अधिक पैसे मोजावे लागतात, आणि नोंदवहीच्या आधारे ठरावीक क्षणापर्यंत मागे जाण्याची सोय करारात आहे का, हे घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागते.