दोन हार, एक दुकान

वैजनाथाला निघालेला भाविक आणि मतं मागायला निघालेला उमेदवार, परळीत दोघांनाही दुकानाची पायरी चुकत नाही. 2014 साली इथे पंकजा मुंडे यांनी चुलतभाऊ धनंजय मुंडे यांना हरवले. 2019 साली भावाने बहिणीला. लोक याला घराण्याचा इतिहास म्हणतात. मला त्यात दुकानदाराचा दिसतो. बिचाऱ्याने करावे काय? चहा दोघांना, हार दोघांना, ‘यंदा तुम्हीच!’ हेही दोघांना. निकाल लागला की आमदार मुंबईला जातो. गल्ल्यावर बसून दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना साखर जोखायची ती यानेच. एकाचीच बाजू घेतली, तर निम्मी उधारी बुडालीच म्हणा! शेवटी 2024 साली भाऊ-बहीण एकाच बाजूला आले. पाच-पाच वर्षं एकमेकांशी अबोला धरलेले कार्यकर्ते ओशाळले. दुकानदाराचा मात्र एक हार वाचला.