सांगणारा आणि लिहून घेणारा

अहिल्यानगर जिल्ह्यात समाजमाध्यमांसाठी व्हिडिओ करणारी माणसे शीर्षक, वर्णन आणि हिंदी-इंग्रजी भाषांतर यांसाठी चॅटबॉटची मदत घेऊ लागली आहेत. यंत्र नवे आहे. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचे, ही कामाची रीत मात्र या जिल्ह्यात सातशे वर्षांहून जुनी आहे.

तिची सर्वांत थोर नोंद नेवाशाची. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी इथे गीतेचे निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शकाबरोबर या लेखकाचेही नाव येते. तेव्हा लेखक म्हणजे लेखणी चालवणारा. रचना दुसऱ्याची, अक्षर त्याचे. पुढे हातोहात नकला होत गेल्या आणि प्रत्येक नकलेबरोबर पाठ थोडा थोडा बिघडत गेला. कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने सोपा घातला, कोणी आपली ओवी मध्ये सरकवली. शेवटी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये पैठणला एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला. लिहून घेणाऱ्याचे काम तपासावे लागते, याचा मराठीतला हा पहिला मोठा धडा.

दुसरा धडा गावच्या दप्तरातला आहे. सारा, जमीन, देणे-घेणे यांची नोंद कुलकर्णी ठेवी. शेतकरी तोंडाने सांगे, कुलकर्णी मोडीत उतरवून घेई, आणि उतरवलेले बहुतेकांना वाचता येत नसे. सगळी गोम इथेच होती. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) हे याच कुलकर्णी वतनातले. जहागीरदाराच्या बोलावण्यामुळे पूजा मध्येच सोडावी लागली, तेव्हा त्यांनी लेखणी देवापुढे ठेवली आणि पुन्हा सरकारी लेखन करणार नाही अशी शपथ घेतली, असे परंपरा सांगते. त्यानंतर त्यांनी संतचरित्रे लिहिली. १७६२ चा ‘भक्तिविजय’ त्यांतला सर्वांत लोकप्रिय. हे चरित्रलेखन बरेचसे संकलनाचे होते आणि महिपतींनी ते लपवले नाही. उत्तरेकडचे नाभाजी आणि माणदेशातले उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांवर आपण आधार ठेवला, हे त्यांनी ग्रंथातच सांगून टाकले. इतरांच्या मजकुरातून नवा मजकूर घडवणाऱ्या आजच्या यंत्राला हे आपणहून जमत नाही, म्हणून महिपतींचा हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

छापखान्याने नक्कल करणारा हात बाजूला सारला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे घातले आणि जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथून सुरू केले. काही वर्षांतच ते मुंबईला गेले.

गावाने गावासाठी काढलेले पत्र यायला १९१० साल उजाडले. सत्यशोधक मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले, प्रथम सोमठाण्याहून आणि नंतर नेवासा तालुक्यातल्या तरवडीहून. शहरापासून दूर, खेड्यात राहून त्यांनी ते १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे चालवले. वाचक शेतकरी, विषय शेतकऱ्याचे, भाषाही त्याच्याच ओळखीची. त्यांच्या ‘कुलकर्णी लीलामृत’ या काव्याने गावच्या लेखणीवाल्यावरच बोट ठेवले. पोथीचा ढंग लोकांच्या कानांत बसलेला होता. त्याच ढंगात त्यांनी निरक्षराच्या पिळवणुकीची हकिगत मांडली. कुलकर्णी वतने मुंबई राज्यात १९५१ मध्ये कायद्याने संपली. पण ज्याला लिहिलेले वाचता येत नाही तो लिहिणाऱ्याच्या ताब्यात जातो, हे मुकुंदरावांनी त्याआधी कितीतरी वर्षे खेड्यात बसून छापून सांगितले होते. जिल्ह्याच्या लेखनेतिहासात त्यांच्याइतके मोलाचे काम फार थोड्यांचे आहे.

मोबाइल इंटरनेट स्वस्त झाल्यावर छपाईचीही गरज उरली नाही. नगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी २०२० मध्ये गाजली. शाळेत न गेलेल्या आजी चुलीपुढे बसून पदार्थ सांगतात आणि नातू चित्रीकरण, संपादन व वाहिनीचा व्यवहार सांभाळतो, अशी ही घरातली वाटणी. सांगणारी आणि टिपणारा यांची नेवाशाची जोडी इथे नव्या रूपात दिसते.  

चॅटबॉट या साखळीत अलीकडे आला. ओपनएआय या कंपनीचे चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले. गूगलचा बार्ड, म्हणजे आजचा जेमिनी, जुलै २०२३ पासून मराठीत उत्तरे देऊ लागला. हे यंत्र मजकुराचे तुकडे पाडून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, याचा हिशेब करते. जुन्या पद्धतीत देवनागरीचे तुकडे फार बारीक पडत. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ हे नवे मॉडेल आणताना दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले होते. तुकडे कमी झाले की उत्तर लवकर येते, खर्च घटतो आणि एका वेळी अधिक मराठी मजकूर यंत्रापुढे ठेवता येतो.

बोलीची अडचण मात्र तशीच राहिली. यंत्र शिकते ते लिहिलेल्या मजकुरावर, आणि नगरी बोली बोलली जाते त्या मानाने लिहिली गेलेली नाही. त्यामुळे शिपी आमटीची कृती त्याच्याकडून लिहून घेतली की कालवणाची ‘ग्रेव्ही’ होते, आधणाचे ‘उकळते पाणी’ होते आणि सांगणारीचा सूर हरवून पाककृतींच्या पुस्तकाचा सूर येतो. उलट हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षके, शोधात सापडेल असे शीर्षक, लांब चित्रीकरणातून छोटा मजकूर काढणे ही कामे ते झटपट करते. एकट्याने वाहिनी चालवणाऱ्याचे कित्येक तास वाचतात. खरे वाटेल असे चित्र वा आवाज कृत्रिमरीत्या बनवला असेल तर ते जाहीर करण्याचा नियम यूट्यूबने मार्च २०२४ पासून लागू केला. शीर्षक किंवा संहितेसाठी घेतलेली मदत त्यात येत नाही.

तपशिलाच्या चुका वेगळ्याच. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, पण त्याआधीच्या मजकुरावर शिकलेले यंत्र ‘अहमदनगर’च लिहिते, तर कधी एकाच परिच्छेदात दोन्ही नावे दोन वेगळ्या गावांसारखी वापरते. ती दुरुस्ती वाहिनी चालवणाऱ्यालाच, प्रत्येक वर्णन प्रसिद्ध करण्याआधी, हाताने करावी लागते.