संगणकीय लायब्ररी : प्रकाशनपूर्व चाचणी

अनेक प्रोग्रामांना समाईक उपयोगी पडणारी, स्वतः एकटी न चालता दुसऱ्या प्रोग्रामाकडून बोलावली जाणारी आज्ञावली म्हणजे लायब्ररी. आणि अशा लायब्ररीची नवी आवृत्ती जाहीर करण्यापूर्वी ती ज्या ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, ज्या ज्या प्रोसेसरवर आणि ज्या ज्या कंपायलरने वापरली जाण्याचा संभव आहे, त्या त्या ठिकाणी ती प्रत्यक्ष बांधून व चालवून पाहण्याचा जो शिरस्ता आहे, तो प्रस्तुत नोंदीचा विषय होय.

कारणे : लायब्ररी लिहिणारास ती पुढे कोठे कोठे जाईल हे ठाऊक नसते. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील घोडेगाव येथे कांद्याच्या लिलावाचा हिशेब ज्या संगणकावर होतो तो विंडोजचा असेल, कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या खिशातील फोन आर्म प्रोसेसरचा व अँड्रॉइडचा असेल, आणि ज्या बँकेत पट्टीची रक्कम जमा व्हावयाची तिचा सर्व्हर लिनक्सचा असेल. तथापि एस्क्यूलाइटसारखी (हिची नोंद पुढे आहे) एकच लायब्ररी या तिन्ही ठिकाणी काम करीत असू शकते. सी भाषेतील ‘लाँग’ हा संख्याप्रकार ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचाच असतो. जुन्या इंटेल प्रोसेसरांच्या अपूर्णांक-गणितात मधली उत्तरे ८० बिटांत धरली जात, नंतरच्या पद्धतीत ती ६४ बिटांतच राहतात, आणि म्हणून तेच सूत्र शेवटच्या दशांशस्थळी निराळे उत्तर देऊ शकते. यांतील कोणताही भेद एकाच यंत्रावर बसून सहसा दिसत नाही.

डीबग बिल्ड व रिलीज बिल्ड : लेखनकाळी वापरावयाच्या बिल्डमध्ये जागोजागी तपासण्या पेरलेल्या असतात, प्रकाशनाच्या बिल्डमध्ये त्या काढून टाकून कंपायलरला वेगासाठी आज्ञांची पुनर्रचना करण्याची मुभा दिली जाते. भाषेच्या प्रमाणग्रंथाने ज्या वर्तनाची हमी दिलेली नाही त्यावर प्रोग्राम अवलंबून असेल, तर तो डीबग बिल्डमध्ये वर्षानुवर्षे सुरळीत चालून रिलीज बिल्डमध्येच मोडू शकतो. म्हणून चाचणी रिलीज बिल्डचीही झाली पाहिजे. ग्लिबसी ही लिनक्सवरील सी-लायब्ररी तर ऑप्टिमायझेशन बंद ठेवून बांधताच येत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट आहे. ‘घोडेगाव’ या नावात युनिकोडप्रमाणे सात चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने हे नाव एकवीस बाइटांचे होते. त्यांपैकी ‘घ’चे बाइट २२४, १६४ व १५२ असे आहेत. इंटेल प्रोसेसरावरील कंपायलर ‘कॅर’ हा प्रकार बहुधा धन-ऋण चिन्हासह धरतात, तेव्हा तेच बाइट -३२, -९२ व -१०४ असे वाचले जातात. आर्मवरील लिनक्समध्ये मात्र ते धनच राहतात. आता हा बाइट अक्षर आहे की अंक, असे विचारणाऱ्या प्रमाणित फंक्शनास ती ऋण संख्या तशीच दिली, तर ग्लिबसीचा तक्ता -१२८ पासून सुरू होत असल्याने लिनक्सवर काही बिघडत नाही. विंडोजच्या डीबग बिल्डमध्ये प्रोग्राम तेथेच थांबून तक्रार नोंदवतो. आणि त्याच विंडोजच्या रिलीज बिल्डमध्ये ती तपासणी नसल्यामुळे दोष मुकाट्याने तसाच पुढे जातो. इंग्रजी मजकुराचे सर्व बाइट १२८ च्या आत असल्याने केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणारास हा दोष कधीही आढळणार नाही.

ग्लिबसी : लिनक्सवरील बहुतेक सर्व प्रोग्राम ज्या सी-लायब्ररीवर उभे आहेत ती ही, जीएनयू प्रकल्पातील, रोलंड मॅकग्रा यांनी आरंभलेली. तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी व ऑगस्टच्या आरंभी काढण्याचा रिवाज असून तत्पूर्वीच्या महिन्यात नव्या सुधारणा रोखून केवळ दुरुस्त्या व चाचण्या चालू ठेवतात. या मुदतीत निरनिराळ्या प्रोसेसरांचा भार वाहणारे जाणकार आपापल्या यंत्रांवर चाचणीसंच चालवून निकाल रुजू करतात. निकाल केवळ ‘पास’ वा ‘फेल’ असा नसतो, अपयश अपेक्षितच होते काय आणि चाचणी त्या यंत्रास लागू होती काय, याचीही नोंद होते. लायब्ररी बाहेर कोणकोणती नावे उपलब्ध करते त्यांच्या याद्या प्रत्येक प्रोसेसरगणिक दप्तरी ठेवलेल्या असून एखादे जुने नाव गळाले तर चाचणी तेथेच अडते. सर्व जातींची यंत्रे कोणाही एकापाशी नसतात, ही अडचण जोसेफ मायर्स यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या साधनाने बरीच हलकी केली. एकाच संगणकावर अनेक प्रोसेसरांसाठी कंपायलर व लायब्ररी त्यायोगे बांधता येतात, परंतु बांधलेले चालवून मात्र पाहता येत नाही.

पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयात पूर्वी काम केलेले सिद्धेश पोयरेकर हे ग्लिबसीच्या २.२५ (फेब्रुवारी २०१७) व २.२६ (ऑगस्ट २०१७) या आवृत्त्यांचे रिलीज मॅनेजर होते. आलेले निकाल पाहून आवृत्तीवर शिक्का उमटवायचा की ती थांबवायची, हा निवाडा या अधिकारपदाकडे असतो.

चाचणीच्या मर्यादा दाखविणारे प्रकरण २०१० चे आहे. मेमरीतील मजकुराची नक्कल करणारे ग्लिबसीतील फंक्शन काही प्रोसेसरांवर वेगवान करताना नकलेची दिशा बदलली, आणि फेडोरा १४ या लिनक्स-वितरणावर अडोबी फ्लॅशचा आवाज बिघडू लागला. एकमेकांवर पडणाऱ्या जागांसाठी ते फंक्शन वापरू नये अशी प्रमाणग्रंथाची स्पष्ट ताकीद होती. तरीही चालणारा प्रोग्राम मोडला हे खरेच, असे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे पडले. दोषाचा वाटा कोणाचा याविषयी मतभेद आहेत. पुढे २.१४ या आवृत्तीत जुन्या प्रोग्रामांस जुने वर्तन मिळेल अशी तजवीज करण्यात आली.

एस्क्यूलाइट : रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आरंभलेली डेटाबेस-लायब्ररी. तिच्या मूळ संहितेच्या सुमारे ५९० पट चाचणीसंहिता असल्याचे तिचे कर्ते सांगतात. प्रत्येक प्रकाशनापूर्वी एक विस्तृत तपासयादी पूर्ण करतात.

अन्य प्रयत्न : सी++ च्या बूस्ट लायब्ररींसाठी कंपायलर व सिस्टिम यांच्या जोड्यांचा निकालतक्ता, पर्ल भाषेसाठी १९९८ पासून स्वयंसेवकांची सीपॅन टेस्टर्स ही योजना.

महाराष्ट्रातील अध्ययन : अशा चाचणीत कंपायलरचाही वाटा असतो; मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी कंपायलरच्या अंतर्रचनेचे अध्यापन झाले.

मराठी व चाचणी : युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या दरम्यान येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर शिकवला जातो; यास्तव केवळ सांकेतिक क्रमांकांवर विसंबणारी लायब्ररी ‘पोळी’ हा शब्द ‘पोवाडा’च्या आधी लावते. कोशकारांत या अक्षराच्या स्थानाविषयी सर्वत्र एकवाक्यता आहे असे नाही. ग्लिबसीमध्ये मराठीसाठी स्वतंत्र लोकेल (भाषा-प्रदेशाच्या नियमांचा संच) आहे, तथापि २.२८ या आवृत्तीत (ऑगस्ट २०१८) अनेक भाषांचे क्रमनियम एकदम नव्याने आल्यामुळे, जुन्या क्रमाने रचलेल्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अनुक्रमण्या नव्या सिस्टिमवर विसंगत ठरल्या व त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. ज्या लायब्ररीच्या चाचणीसंचात देवनागरी मजकूर नाही, ती कितीही यंत्रांवर उत्तीर्ण झाली असली तरी मराठीपुरती ती अपरीक्षितच समजावी.