परदेशातून बियाणं मागवायचं तर कायदा काय सांगतो?

ऑनलाइन बाजारात 'इम्पोर्टेड' बियाण्यांची आणि रोपांची जाहिरात हमखास दिसते. फोटो आकर्षक असतो, किंमत परवडणारी असते, पाकीट घरपोच येतं. पण सीमेपलीकडून बियाणं आणणं ही खासगी खरेदी राहत नाही. त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे.

कोणता कायदा लागू होतो?

मूळ कायदा 1914 चा, म्हणजे विध्वंसक कीटक व कीड कायदा. त्याखाली केंद्र सरकारने 2003 मध्ये वनस्पती संगरोध आदेश काढला. संगरोध म्हणजे बाहेरून आलेला माल तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवणं.

या आदेशानुसार पेरणीसाठी बियाणं आणायचं तर दोन कागद लागतात. एक, भारत सरकारचा आयात परवाना. दुसरा, माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र. बंदरावर किंवा विमानतळावर पुन्हा तपासणी होते. नियमात न बसणारा माल परत पाठवला जातो किंवा नष्ट केला जातो. टपाल, कुरिअर आणि प्रवाशाची बॅगही यातून सुटत नाही.

सगळ्या बियाण्यांना एकच नियम आहे का?

नाही. 1988 च्या बियाणे धोरणाने भाजीपाला आणि फुलांच्या बियाण्यांची आयात बरीच सोपी केली. तृणधान्य, कडधान्य, तेलबियांच्या वाणांना मात्र आधी भारतात चाचण्या द्याव्या लागतात. जनुकीय बदल केलेल्या वाणांसाठी पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मंजुरी लागते.

ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने जीएम सोयाबीनची 12 लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. 'पेंड चालते, मग बियाणं का नाही?' असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. तेल काढलेली, भरडलेली पेंड उगवत नाही, हा त्यातला मुख्य फरक.

डोंगरकड्याशी याचा काय संबंध?

हिंगोली जिल्ह्यातला, कळमनुरी तालुक्यातला डोंगरकडा परिसर केळीसाठी ओळखला जातो. केळी बियांपासून लावत नाहीत. कंद किंवा ऊतीसंवर्धित रोपं वापरतात, आणि वरचा आदेश त्यांनाही लागू आहे.

केळीवरचा पनामा मर रोग मुळांतून झाडात शिरतो. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, आणि लागण झालेल्या झाडाला बरं करणारं औषध नाही. रोगट कंद आणि माती हे तिचं पसरण्याचं ठरलेलं साधन. गेल्या शतकात याच रोगाने जगाच्या बाजारातलं 'ग्रो मिशेल' हे वाण मागे पडलं आणि 'कॅव्हेंडिश' गटातली केळी पुढे आली. 'ग्रँड नैन' त्याच गटातलं. आता रोगाचा 'टीआर 4' हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि भारतात बिहारमध्ये तो सापडला आहे. म्हणून धोका फक्त परदेशी मालाचा नाही. परराज्यातल्या अनोळखी कंदांचाही आहे.

न मागवता पाकीट आलं तर?

2020 मध्ये अमेरिकेसह अनेक देशांत लोकांना न मागवलेली बियाण्यांची पाकिटं टपालाने आली. त्या ऑगस्टमध्ये भारताच्या कृषी मंत्रालयानेही सावधगिरीची सूचना दिली. असं पाकीट आलं तर पेरू नये, कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. ते आहे तसं बंद ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावं.

खरेदी करताना काय पाहावं?

- विक्रेत्याकडे बियाणे विक्रीचा परवाना आहे का?
- पिशवीवर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि मुदत छापली आहे का?
- ऊतीसंवर्धित रोपं प्रमाणित प्रयोगशाळेतली आहेत का?
- पक्की पावती मिळाली का? पावती, रिकामी पिशवी आणि थोडं बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावं. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला हाच पुरावा लागतो.

बांधाबांधावर उगवणारं गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आयात केलेल्या गव्हातून ते इथे आलं, असं मानलं जातं. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. ते उपटण्याची मजुरी शेतकरी आजही भरतो आहे.